अकरावं फाटक

टिलपारा
मंगळवार, ७ फेब्रुवारी १९६१

मिस ट्रेगेन्झा,
रेडिओवरची शाळा, यांस,

माझी मुलगी कॉरल गॅरिक, वय बारा, इयत्ता सातवी, कालपासून तुमच्या वर्गात आहे. तिच्या घरच्या अभ्यासावर देखरेख मी करते. देखरेख करणाऱ्याला काही सांगायचं असल्यास त्याने पत्राने कळवावं असं तुमच्या शाळेच्या कागदावर छापलेलं आहे, म्हणून कळवते.

पहिली तक्रार अशी की साडेनऊचा तास तुम्ही साडेनऊला सुरू करत नाही, दोन मिनिटं आधीच करता. काल माझी मुलगी मटणाची चाप अर्धी टाकून पळाली. दुसरी तक्रार, हजेरी घेताना इतर मुलांना तुम्ही नुसती नावाने हाक मारता आणि कॉरलला ‘कॉरल बाळ’ म्हणता. दोनशे मैलांच्या टापूत ज्याच्या ज्याच्या घरी रेडिओचा संच आहे त्या प्रत्येकाला ते ऐकू जातं. तिसरी तक्रार अशी की, ऊना, तू इकडे कशाला आलीस?

मी बटाटे सोलत होते. दुसऱ्या खोलीत संच खरखरला आणि कुणीतरी म्हणालं, ‘सुप्रभात, मुलांनो.’ आवाज ओळखायला मला एक अख्खा बटाटासुद्धा लागला नाही. एकोणीस वर्षांत तुझ्या आवाजाला शहराची इस्त्री बसली आहे खरी, पण खालचं कापड तेच आहे. शिक्षकांना नेमायला सगळा देश पडला होता. तुला बरोबर तोच संच सापडला ज्याच्या दुसऱ्या टोकाला माझी मुलगी बसते!

कॉरलने लगेच विचारलं, ‘आई, बाईंचं आडनाव तुझ्या माहेरचंच आहे ना?’ मी म्हटलं, ‘तांब्याच्या खाणींकडे दगड उचलला की खाली एक ट्रेगेन्झा सापडतो.’ हे काही खोटं नाही. तिने पुढे विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तूही सांगू नकोस. तिला एक मावशी आहे आणि ती लांब असते, एवढं तिला ठाऊक आहे. लांबच राहा.

हेस्टर गॅरिक
(देखरेख करणारी)


टिलपारा
बुधवार, ८ मार्च

ऊना,

माझ्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस. म्हणजे दिलंस, पण कुठे, तर कॉरलच्या वहीत, लाल शाईने. ‘देखरेख उत्तम. तास यापुढे बरोबर साडेनऊला सुरू होईल.’ मला शेरा! माझ्या धाकट्या बहिणीकडून, माझ्या मुलीच्या वहीत! ती कार्टी दिवसभर माझ्यामागे ‘देखरेख उत्तम, देखरेख उत्तम’ करत हिंडत होती.

तुला माहीत असायला हवं म्हणून सांगते. संचापुढे बसण्याआधी ती केस विंचरते. सोमवारी चर्चचा निळा फ्रॉक घालून बसली. मी म्हटलं, ‘रेडिओला डोळे नसतात गं.’ तर म्हणते, ‘मला आहेत ना.’ माझ्यासमोर ती उठल्यापासून वेणी न घालता वावरते, ते चालतं. मी काय, घरचीच.

आणि ते तुमचं ‘ओव्हर’. आपलं बोलणं संपलं की ओव्हर म्हणायचं, मग दुसऱ्याने बटण दाबून बोलायचं, हा तुमच्या हवेतला नियम. आता तो आमच्या जेवणाच्या टेबलावर आला आहे. ‘बाबा, मीठ द्या, ओव्हर.’ क्लेमला तर खेळच मिळाला. ‘घे मीठ, ओव्हर.’ दोघं हसतात. मी विचारते, ‘गणितं झाली का?’ तर नुसतं ‘हं’. मला ओव्हर नाही. कारण मी बोलावं म्हणून ती थांबतच नाही. हे पोटात दुखणंच आहे, ऊना, मी त्याला दुसरं नाव देत नाही. बारा वर्षं मी तिला अंगाखांद्यावर खेळवलं, अक्षर अन् अक्षर मी गिरवून घेतलं, आणि तू महिन्याभरात नुसत्या आवाजावर तिला नेलंस.

काल पाठवायच्या अभ्यासाचं पाकीट बांधताना पहिल्या पानावरची चिठ्ठी वाचली. ‘हे काम मुलाने स्वतः, कोणाच्याही मदतीशिवाय केले आहे.’ खाली देखरेख करणाऱ्याची सही. आपल्या वेळेला हा कागद पिवळा होता, आता पांढरा आहे. वाक्य मात्र तेच. आईने ते वाक्य वाचून खाली सही केली होती तेव्हा मी तिच्या कोपराशी उभी होते. तुला दिसत नव्हतं. तुझ्या डोळ्यांवर पट्टी होती.

चार महिने तुझे डोळे आलेले होते, वाळूने. टपालाची गाडी महिन्यातून एकदा यायची आणि शहरातल्या पत्रशाळेच्या मिस ऑर्मरॉड तुझा निबंध मागत होत्या. आपल्यापैकी कुणी त्या बाईंना कधी पाहिलं नव्हतं. त्यांना आपण म्हणजे दोन अक्षरं, एक तिरकं नि एक उभं. आई म्हणाली, ‘हेटी, तू लिही. ऊना मागे पडायला नको.’ विषय होता, ‘मी तुमच्या घरी यायचं ठरवलं तर वाटेत काय दिसेल?’ मी तुझ्या अक्षरात आपल्या वाटेवरची अकरा फाटकं लिहिली. रस्त्यावरचं पहिलं, तारेचं, जे बोट चिमटल्याशिवाय उघडत नाही. जुन्या लोखंडी पलंगाच्या डोक्याचं केलेलं पाचवं. बिजागरीतून निखळलेलं, जे खांद्याने उचलून सरकवायला लागतं ते सातवं. आपल्या झाडाच्या काट्याने पानं टाचली आणि वर नाव घातलं, ऊना ट्रेगेन्झा, वय अकरा.

त्या फाटकांवर तुला शिष्यवृत्ती मिळाली. तू शहरात गेलीस. मी इथेच राहिले, लग्नाआधी आणि नंतरही, आणि लोकर कातरायला येणाऱ्या माणसांचा स्वयंपाक केला.

‘मी सांगितलं आणि हेटीने उतरवून घेतलं,’ असं तू नेहमी म्हणत आलीस. माझ्या लग्नात तर तू तो निबंध उभी राहून सगळ्यांना वाचून दाखवलास, माझा म्हणून नव्हे, तुझा म्हणून. मी पांढऱ्या झग्यात उठून म्हटलं, ‘हे मी लिहिलंय.’ लोकांना वाटलं थट्टा आहे. सगळे हसले, आणि सगळ्यात मोठ्याने तू. दुसऱ्या दिवशी तू गेलीस. मी आजपर्यंत ते हसू विसरलेले नाही.

हेटी


टिलपारा
बुधवार, ५ एप्रिल

ऊना,

तर फुटलं बिंग. मॉली हॅलोरनच्या तोंडून फुटलं, दुपारी. आम्ही इकडच्या बायका शाळा संपल्यावर संचावर एकमेकींशी बोलतो, सगळ्याजणी एकदमच बोलतात म्हणून त्याला पाखरांचा तास म्हणतात. मॉली साठ मैलांवरून मला विचारते, ‘काय गं हेटी, पोरीची नवी बाई म्हणजे तुझी बहीण ना गं, लग्नात निबंध वाचलेली? ओव्हर.’ कॉरल माझ्याशेजारी शेंगा सोलत बसली होती.

‘आई,’ ती म्हणाली, ‘दगडाखालची ट्रेगेन्झा.’

मग तिने बापाकडून लग्नाची सगळी कथा काढून घेतली. क्लेमला अशा कथा सांगायला फार आवडतं आणि त्यात तो मला दोन इंच उंच करून सांगतो. दोघं हसून हसून बेजार. मी बाहेर जाऊन कोंबड्यांना दाणे टाकले.

आणि त्याच आठवड्यात तुझं पत्र. खरं पत्र, पाकिटातलं, माझ्या नावाचं. एकोणीस वर्षांनी बहिणीला लिहिलंस आणि त्यात मागितलंस काय, तर मुलगी! मी तीन वेळा वाचलं. मोठ्या शाळेसाठीची परीक्षा तिने द्यावी, निबंध पुढच्या महिन्यात पाठवावा, उत्तीर्ण झाली तर येत्या वर्षी तिने गावात येऊन शाळेत जावं आणि वसतिगृहात न राहता तुझ्याकडे राहावं. तुझ्याकडे मागची खोली रिकामी आहे. अंगणात लिंबाचं झाड आहे. ‘तिच्यासारखी मुलगी मला दहा वर्षांत भेटली नाही,’ असं लिहिलंस. मला काय सांगतेस? मी बारा वर्षांपूर्वीच भेटले तिला.

क्लेमला वाचून दाखवलं. तो बूट काढत होता.

‘जाऊ दे की,’ तो म्हणाला.

‘जाऊ दे? एवढंच?’

‘मग काय करायचं? तिला इथे ठेवून मेंढ्या मोजायला शिकवायच्या?’

‘मी शिकले ना मेंढ्या मोजायला. काय वाईट झालं?’

त्याने दुसरा बूट काढला. ‘हेटी, तू मेंढ्या मोजताना तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस ते मला ऐकू येतं. ते आकडे नसतात.’

मग बूट उचलून तो बाहेर गेला. 

तर माझं उत्तर असं आहे. परीक्षा देऊ दे. नाही म्हटलं तर ती जन्मभर ते माझ्या तोंडावर मारेल. पण तू फार आशा धरू नकोस. ती हुशार वगैरे काही नाही, बोलते जास्त. हवेवर बोलणं वेगळं आणि कागदावर लिहिणं वेगळं. विषय तू कोणता दिला आहेस ते कॉरलने मला सांगितलं. ‘मी तुमच्या घरी यायचं ठरवलं तर वाटेत काय दिसेल?’ तोच विषय, ऊना. मुद्दाम दिलास ना? लाज नाही वाटत?

हे.


टिलपारा
गुरुवार, २० एप्रिल

ऊना,

टेडच्या टपालगाडीची धूळ तिसऱ्या फाटकाशी दिसते आहे म्हणून घाईत. सोबत कॉरलचा निबंध. एक पान आणि वर थोडं. मला वाटतं तुझी निराशा होईल. कुत्रा आहे, पवनचक्की आहे, ‘आमचे घर फार छान आहे’ असं दोनदा आहे. मुलांचं असंच असतं. शुद्धलेखनाच्या चुका मी सुधारल्या नाहीत, कारण मदत करायची नसते. चिठ्ठीवर सही केली आहे.

हेस्टर


टिलपारा
मंगळवार, १६ मे

ऊना,

काल सकाळची हजेरी झाली, भूगोल झाला, आणि तू अगदी सहज, जसं कुणी पावसाचं बोलतं तसं म्हणालीस, ‘कॉरल, तुझ्या आईला सांग, काटा मिळाला. ओव्हर.’

कॉरल म्हणाली, ‘कसला काटा, बाई? ओव्हर.’

‘तिला कळेल. ओव्हर.’

दोनशे मैलांत चाळीस घरांनी ते ऐकलं आणि कुणाला काही कळलं नाही. मॉलीने दुपारी विचारलंच. ‘कसला काटा गं? माशाचा? ओव्हर.’ तिच्याकडे मासा कधी जन्मात पोचलेला नाही. मी म्हटलं विणकामाचा.

मी दाराच्या मागे उभी होते. आजकाल पानं काट्याने कोण टाचतं? कॉरलकडे टाचण्यांची डबी आहे, शाळेनेच दिलेली. तिने जन्मात काटा वापरलेला नाही. तिचं अक्षर मी हुबेहूब काढलं, चुका तिच्या काढल्या, शाईचा डाग तिच्यासारखा पाडला, आणि शेवटी हात सवयीने खिडकीबाहेर गेला, झुडपाचा काटा मोडला आणि पानं टाचली. आईने आपल्याला शिकवलं तशी, वरच्या डाव्या कोपऱ्यात, दोनदा आत-बाहेर.

तर हो. तो निबंध मी लिहिला होता. कॉरलचा खरा मी पिठाच्या डब्यामागे ठेवला. तिचा निबंध वाईट असता तर मी तसाच पाठवला असता, आनंदाने. पण मी तो वाचला आणि मला कळलं की हा तुझ्या हातात पडला की मुलगी गेली. मुलाने स्वतः, कोणाच्याही मदतीशिवाय. खाली माझी सही. आईने सही केली ती तुला पुढे पाठवायला, मी केली ती कॉरलला अडवायला. आईपेक्षा मी वाईट निघाले.

दुपारी मी कॉरलला सांगितलं. पिठाच्या डब्यामागून तिची पानं काढून तिच्यासमोर ठेवली. मला वाटलं रडेल, नाहीतर ओरडेल. तिने विचारलं, ‘तू माझं अक्षर काढलंस?’

‘हो.’

‘काढून दाखव.’

मी एक ओळ काढून दाखवली. ती नाकाशी धरून बघत राहिली. ‘माझा ग असा नसतो,’ ती म्हणाली. ‘माझ्या ग ला एवढं पोट नसतं.’ मग तिचा चेहरा लाल झाला. ‘आणि “आमचे घर फार छान आहे” असं मी लिहीन असं तुला वाटलं? दोनदा?’

त्याचाच तिला जास्त राग आला होता.  मग ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली, तुझ्यासमोर बसते तशी, पाठ ताठ करून.

‘का केलंस ते सांग,’ ती म्हणाली. आणि थांबली. आणि म्हणाली, ‘ओव्हर.’

तीन महिने मी ज्या शब्दासाठी जळत होते तो मला त्या वेळी मिळाला. बोलायची पाळी माझी होती. म्हटलं, ‘तू गेलीस तर मला कोण आहे?’ ती म्हणाली, ‘बाबा आहेत.’ मी म्हटलं, ‘बाबा आहेतच गं.’ मग तिने आपली पानं माझ्यापुढे सरकवली. म्हणाली, ‘आता खरा पाठव. या वेळी चिठ्ठीवर बाबांना सही करू दे. तुझा भरवसा नाही.’

सोबत खरा आहे. टाचणी लावलेली आहे. तो तू वाचशीलच, तरी त्यातलं थोडं मीच इथे उतरवते, कारण ते मला स्वतःच्या हाताने एकदा लिहायचं आहे. चोरून नव्हे.

‘फाटकांबद्दल मी काही लिहीत नाही. आमच्या घरात त्यांच्याबद्दल आधीच लिहून झालेले आहे आणि त्यावरून भांडणही झालेले आहे. तुम्ही आत आलात की डाव्या हाताला रेडिओ दिसेल. मी त्याच्यासमोर बसते. दाराच्या मागे माझी आई उभी असते. तिच्या हाताला कधी पीठ असते, कधी हातात सुरी असते. तिला वाटते ती मला दिसत नाही, पण कपाटाच्या काचेत दिसते. तुम्ही प्रश्न विचारलात की ती माझ्याआधी उत्तर देते, आवाज न करता, नुसते ओठ हलवून. तिची उत्तरे बहुतेक बरोबर असतात. अपूर्णांकात चुकते. तुम्ही मला शाबास म्हणालात की ती मान खाली घालते आणि हसते. आमच्या घरी दोन विद्यार्थी आहेत, पण हजेरीत एकच नाव आहे. म्हणून तुम्ही आलात तर पहिल्यांदा तिला हाक मारा. मला रोजच मारता.’

ऊना, मला वाटत होतं की माझी मुलगी तू नेलीस म्हणून मी जळते. ते खरंच आहे, अजून जळते. पण पिठाच्या डब्यापाशी उभं राहून हे वाचल्यावर मला कळलं की दुसरंही आहे. तुझी ‘शाबास’ तिला मिळते म्हणून मी जळते. आईने पोटच्या मुलीचा हेवा करायचा! हे मी क्लेमला सांगू शकत नाही, मॉलीला तर नाहीच. तुला सांगते. तुझ्यावर जितकी रागावले आहे तितकी मी कुणावर नाही, म्हणून तुलाच सांगता येतं.

अपूर्णांक मला कधीच जमले नाहीत. ते पान वाळवीने खाल्लं होतं, तुला आठवत असेल.

हेटी


टिलपारा
रविवार, २२ ऑक्टोबर

ऊना,

निकाल तू हवेवर सांगितलास ते बरं केलंस की वाईट, अजून ठरत नाही. कॉरल खुर्चीवरून पडली. मॉलीने दुपारपर्यंत दम धरला नाही, मधेच घुसून ‘अभिनंदन, ओव्हर’ म्हणाली आणि तू तिला शाळेच्या वेळेत बोलल्याबद्दल झापलंस. ते मात्र मला फार आवडलं.

ती येईल तुझ्याकडे. माझ्या अटी आहेत. तिला बाळ म्हणायचं नाही, ते माझं आहे. केस तिचे तिला धुऊ दे, पण आठवड्यातून एकदा विचार. पत्र दर पंधरवड्याला, आणि ते तिने लिहायचं, तू सांगून नव्हे. तिला तुझ्या लिंबाच्या झाडाचं लोणचं आवडलं तर मला कळवू नकोस. आणि ती तुला चुकून कधी आई म्हणाली, मुलं म्हणतात चुकून, तर तेही कळवू नकोस. किंवा कळव. नाही, नको.

तू हजेरीला माझं नाव घेतलं नाहीस. मे महिन्यात निबंध पोचल्यापासून मी रोज दाराच्या मागे वाट बघत होते. एकदा तर हात पुसूनही ठेवले होते. चाळीस घरांसमोर तू ते केलं नाहीस याबद्दल मी तुझी आभारी आहे. आणि केलं नाहीस म्हणून मला वाईटही वाटलं आहे.

हे.


टिलपारा
शुक्रवार, २६ जानेवारी १९६२

ऊना,

हे पत्र तुला पंधरा दिवसांनी मिळेल. ती तोवर तुझ्याकडे रुळलेली असेल, म्हणून जे लिहायचं ते आताच लिहिते.

काल टेडच्या गाडीतून ती गेली. पुढे बसणाऱ्याने उतरून फाटकं उघडायची नि लावायची असतात, तेव्हा अकराही तिलाच करायची होती. मी म्हटलं अकरावं, घराजवळचं, तेवढं मी करते. ते उघडून मी बाजूला उभी राहिले. गाडी बाहेर पडली. कॉरलने खिडकीतून डोकं काढून सांगितलं, ‘आई, अपूर्णांकाचं पान मी तुझ्या उशाखाली ठेवलंय, करून पाठव. ओव्हर.’ टेड हसला. गाडी दहाव्याशी थांबली, ती उतरली, तिने ते उघडलं, लावलं, कडी पुन्हा एकदा ओढून बघितली. मीच शिकवलं आहे तिला, कडी दोनदा बघायची. नवव्यापर्यंत फ्रॉक निळा दिसत होता, मग नुसती धूळ.

मी फाटकाला हात लावून उभी होते तेव्हा मला तुझं वाक्य आठवलं. तुझंच म्हणते आहे. नीट वाच.

दहा फाटकं माझी होती, ऊना, शब्दन् शब्द, आणि ते मी मरेपर्यंत म्हणेन. पण अकराव्याशी मी अडले होते. काय लिहावं सुचेना. तू पट्टी बांधून भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. मी म्हटलं, ‘अकराव्याचं काय लिहू?’ तू म्हणालीस, ‘लिही की ते आम्ही उघडंच ठेवलं आहे. तुम्ही कधी याल ते ठाऊक नाही ना, म्हणून.’

मी तेव्हा तुझ्यावर खेकसले होते. फाटक उघडं टाकतं का कुणी? मेंढ्या पाळणाऱ्या घरात असं वाक्य कोण लिहील? बाबांनी चामडी लोळवली असती. मला ते शंभर वर्षांत सुचलं नसतं. ज्याला फाटक दिसत नाही, नुसतं वाटेवरून कुणी येण्याची वाट बघायची आहे, त्यालाच ते सुचतं. मी नाक मुरडून उतरवून घेतलं. निबंध परत आला तेव्हा मिस ऑर्मरॉडनी लाल शाईने एकच ओळ अधोरेखित केली होती. दहा फाटकांना काही नाही. तुझ्या त्या एका ओळीला दोन रेघा.

तो कागद मी आईला दाखवला, तुला नाही. तुझ्यासाठी रेघांशिवाय नक्कल करून ठेवली आणि मूळ कागद तुझी पट्टी निघायच्या आत चुलीत घातला. मग तीस वर्षं सगळं मीच लिहिलं असं मला म्हणता आलं. लग्नात तू हसलीस ते मला चिडवायला नव्हे, हे मला तेव्हाही माहीत होतं. शेवटची ओळ वाचून, मी उठण्याआधीच, तू माझ्याकडे बघितलंस आणि हसलीस. मी कबूल करीन, तुझ्याबरोबर हसेन, म्हणून वाट बघत होतीस. मी म्हणाले, ‘हे मी लिहिलंय.’ शिष्यवृत्तीला माझं वय उलटून गेलेलं होतं, ती तुझ्या नावावर आली नसती तर कुणालाच आली नसती, हेही मला माहीत होतं. हेवा करणाऱ्याला सगळं माहीत असतं. त्याने त्याचं काही थांबत नाही.

तर काल मी त्या फाटकाशी उभी होते, आणि मला ते लावता आलं नाही. तसंच टाकून मी घरात आले, कॉरलचा पलंग आवरला, अपूर्णांकाचं पान बघितलं, ठेवून दिलं.

दुपारच्या चहाला क्लेम ओरडतच आला. ‘फाटक कुणी उघडं टाकलं? शेळ्या वाफ्यात घुसल्यात. सगळा घेवडा खाल्ला. एक भोपळा नाही राहिला!’

‘मी,’ मी म्हटलं.

‘तू?’ त्याने टोपी काढली. क्लेमने मला वीस वर्षांत कधी फाटक उघडं टाकताना पाहिलेलं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला, मग खिडकीतून वाटेकडे. ‘शेळ्या हाकलल्या मी,’ तो हळू आवाजात म्हणाला. ‘फाटक लावून येऊ का?’

‘राहू दे,’ मी म्हटलं. ‘खायचं ते खाऊन झालंय त्यांचं.’

मे महिन्यात तुमच्या शाळेला सुट्टी असते. तिला घेऊन ये. टेडच्या गाडीने नको, तुझ्या गाडीने. दहा फाटकं तुला उतरून उघडावी लागतील, आणि प्रत्येकाची कडी दोनदा बघायची.

ओव्हर.

हेटी